धुरानं डोळे 'हुशार' झाले: स्मार्ट या शब्दाबद्दल

मिरचीदेठ

नमस्कार मंडळी. मी भिवापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, संध्याकाळी घरच्या ओसरीत पोरांची शिकवणी घेते, पाचवी ते आठवी. परवा आठवीच्या पोरांना इंग्रजीची काही वाक्यं मराठीत करायला दिली होती, त्यातलं एक चुलीच्या धुराचं होतं, 'हर आईज स्मार्टेड विथ स्मोक'. बाकीच्यांनी ते वाक्य सोडूनच दिलं आणि एका पोरीनं लिहिलं, 'धुरामुळे तिचे डोळे हुशार झाले.' मग काय, सगळे पोट्टे खिदळायला लागले आणि ती बिचारी वही तोंडापुढं धरून बसली ती शेवटपर्यंत.

मला त्या हसण्याचा फार राग आला. पोरगी चुकली हे खरं, पण तिच्याजवळ जो अर्थ होता तो तिनं लावून पाहिला, बाकीच्यांसारखी जागा कोरी नाही सोडली. आणि स्मार्ट म्हणजे हुशार हे तिला कोणी शिकवलं नाही, ते गावात रोजच कानावर पडते. स्मार्टफोन, स्मार्ट टीव्ही, शाळेतला स्मार्ट क्लास, आता तर लाइटचं मीटरही स्मार्ट. तिला म्हटलं उद्या नीट सांगते, आणि रात्री माझ्या बीएच्या वेळची जाडी डिक्शनरी नि मोबाइल घेऊन बसले ते बारा वाजेपर्यंत. जे सापडलं ते इथं सांगावंसं वाटलं कारण घरात ऐकायला कोणी जागं नव्हतं.

तर या शब्दाचा पहिला अर्थ हुशार नाहीच, दुखणं आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'स्मेओर्तान' असं क्रियापद होतं, म्हणजे झोंबणं, आग होणं, कळ येणं, आणि त्याच्याच घरातलं विशेषण 'स्मेआर्त', म्हणजे बोचरं, झोंबणारं. चाबकाचा फटका स्मार्ट, जखम स्मार्ट. इंग्रजीच्या भावकीतल्या बाकी भाषा पाहिल्या तर तिथं तो शब्द अजून दुखण्याचाच आहे. जर्मनमध्ये 'श्मेर्त्स' म्हणजे वेदना, डॅनिशमध्ये 'स्मेर्ते', स्वीडिशमध्ये 'स्मॅर्ता', आणि डच भाषेत तर अगदी 'स्मार्त', इंग्रजीसारखंच लिहितात आणि अर्थ दुःख. डच लोकांच्या रडक्या गाण्यांच्या एका प्रकाराचं नावच 'स्मार्तलाप' आहे. म्हणजे सगळे भाऊ गावात राहिले आणि एकटा इंग्रजीतला घर सोडून निघाला.

तो कसा निघाला तेही सापडते. इसवी सन १३०० च्या आसपास स्मार्टचा अर्थ 'जोराचा, सणसणीत' असा होऊ लागला, फटका जोराचा असला की तो वेगाचाही असतो, म्हणून मग 'चपळ, चटपटीत', आणि त्याच सुमाराला चटपटीत बोलणारा, डोकं झरझर चालणारा माणूसही स्मार्ट. कपड्यांत नीटनेटका हा अर्थ बराच उशिरा आला, १७१८ च्या सुमाराला. एवढं सगळं झालं तरी जुनं क्रियापद मेलं नाही, ते अजून दुखण्याचंच आहे. जखमेवर स्पिरिट लावलं की इंग्रज माणूस आजही 'इट स्मार्ट्स' म्हणते. म्हणजे विशेषण हुशार झालं आणि क्रियापद दुखतच राहिलं. माझी पोरगी त्या दोघांच्या मधात सापडली.

आता मला तिला समजावून सांगायचं आहे पण मराठीतून. आपल्याकडं असा एखादा शब्द आहे का जो आधी दुखण्याचा होता आणि मग हुशारीचा झाला? नुसती इंग्रजीची गोष्ट सांगितली तर तिला ते दूरचंच वाटेल.

वऱ्हाडी_ठेचा

तिखट! माही आजी म्हनायची 'पोट्टी तिखट हाय, कोनाले आयकाची नाही', अन् त्यात कौतुकच राहे. मिरची जशी तशी पोट्टी. लेकरू मिळमिळीत असलं तं आजीले चिंता लागे.

मिरचीदेठ

हो भाऊ, तिखट आहेच, मीही आधी तिथंच गेले. पण तिखट पोरगी म्हणजे तोंडाची फटकळ, स्वभावाची कडक. हुशारी त्यात येते पण थोडी मागून येते. मला असा शब्द पाहिजे की ज्यात जखमेची आग आणि डोक्याची हुशारी दोन्ही एकाच घरात आहे.

तेंदूपान

ताई, चुणचुणीत!

मी चंद्रपूर जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे, पंधरा वर्षं गावोगाव फिरून राहिले. पेशंटला विचारलं कसं दुखते, तर तो कधी नुसतं दुखते म्हणत नाही. ठणकते, ठसठसते, सणक मारते, चमक निघते, भगभगते, चुरचुरते, आणि चुणचुणते. चुणचुणते म्हणजे वरच्यावर बारीक आग, खरचटल्यावर औषध लावलं की होते ती, डोळ्यात साबण गेला की होते ती. दिवसातून चार वेळा हा शब्द कानावर येते आणि अंगणवाडीत गेलं की मीच म्हणते 'किती चुणचुणीत लेकरू आहे'. आज तुमचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की हा एकच शब्द आहे. मी दोन मिनिटं मोबाइल हातात धरून नुसती बसले.

मिरचीदेठ

तेंदूपान ताई!! अंगावर काटा आला. चुणचुणणं आणि चुणचुणीत. अगदी तीच वाट, तिकडं जखम स्मार्ट करते मग पोरगं स्मार्ट होते, इकडं जखम चुणचुणते मग पोरगं चुणचुणीत होते. कोणी कोणाचं पाहून केलं नाही, हजारो कोसांवर दोन भाषांनी एकच केलं. आणि मी डिक्शनरीत शोधून राहिले होते, शब्द माझ्या तोंडात होता.

माझी आई सातऱ्यावर जायची. इथले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, आमच्या भागात लाल मिरचीचे देठ खुडायला बाया बसतात त्या जागेला सातरा म्हणतात. भिवापुरी मिरचीला जीआय, म्हणजे त्या भागाचीच खास म्हणून सरकारी ओळख, मिळाला म्हणून पेपरात नाव येते पण ती मिरची खुडणाऱ्या हातांचं काही येत नाही. रात्री आईचे हात एवढे भगभगायचे की ती पाण्याच्या पितळी गुंडाला हात लावून बसे, थंड लागते म्हणून. ते चुणचुणणं मी लहानपणापासून पाहिलं आहे.

मास्तर_अकोट

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे, अकोला जिल्ह्यात छत्तीस वर्षं इंग्रजीच शिकवली, त्यामुळं हा धागा पाहून राहवलं नाही. तेंदूपान यांनी जे सांगितलं ते फार मोलाचं आहे, त्याला माझी थोडी भर घालतो.

चुणचुणीत एकटा नाही. 'तल्लख' घ्या. तल्लख बुद्धी आपण म्हणतो, ती मुळात फारसी 'तल्ख' वरून, आणि फारसीत तल्ख म्हणजे कडू, जिभेला बोचणारं. त्याच शब्दाची दुसरी लेक म्हणजे 'तलखी'. मे महिन्यात अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा अंगाची जी लाही होते ती तलखी. म्हणजे वर्गातला तल्लख पोरगा आणि उन्हाची तलखी ही एकाच घरची.

'तीक्ष्ण' पाहा, सुरीही तीक्ष्ण आणि बुद्धीही तीक्ष्ण. आपला तिखट हा त्याच घराण्यातला, म्हणून ठेचा भाऊंची आजी चुकीची नव्हती. 'कुशाग्र' म्हणजे कुश गवताचं टोक, बोटात जाईल असं, आणि त्यावरून कुशाग्र बुद्धी. 'कुशल' हा शब्दही परंपरेनं तसाच फोडून सांगतात, हात न कापता कुश तोडून आणतो तो कुशल. इंग्रजीतही 'शार्प', 'कीन' हे धारेचे शब्द हुशारीकडं गेले आणि 'अक्यूट' तर लॅटिनमधल्या सुईच्या घरातला, डॉक्टर दुखण्याला अक्यूट म्हणतात आणि भूमितीत लघुकोनाला अक्यूट अँगल. माणसाला बुद्धी दिसत नाही, म्हणून जे अंगाला लागते त्याचंच नाव तिला देतात असं मला वाटते.

आणखी एक. भाषांचा अभ्यास करणारे या स्मार्टचं मूळ आणखी मागं नेतात, जिथं युरोपच्या आणि आपल्या भाषा एकत्र येतात तिथपर्यंत, आणि तिथं त्याच्या शेजारी लॅटिनचा 'मोर्देरे' म्हणजे चावणं आणि संस्कृतचा 'मृद्' म्हणजे चुरडणं, रगडणं हा धातू ठेवतात. मोर्देरेपासून इंग्रजीत 'रिमोर्स' आला, पश्चात्ताप, शब्दशः परत परत चावणारं. मृद् पासून आपल्याकडं मर्दन. म्हणजे ताई, तुमच्या पोरीला सांगा की स्मार्ट हा आपल्या मर्दनाचा फार दूरचा चुलतभाऊ आहे असं मोठमोठे पंडित मानतात.

धानाचा_बांध

वाचून राहिलो सगळं, छान चाललं आहे. मी भंडारा जिल्ह्यातला, फौजेत एकोणीस वर्षं काढून आता धान करतो. एका गोष्टीला माझा विरोध आहे.

तुम्ही सगळे दुखण्यावरून एकदम डोक्यावर उडी मारून राहिले. मधात एक पायरी आहे ती सोडू नका. मिरचीदेठ ताईंनी लिहिली आहे पण घाईत लिहिली. ती पायरी वेगाची आहे. फौजेत आम्हाला स्मार्ट म्हटलं ते कधी अक्कल पाहून नाही म्हटलं. स्मार्ट सॅल्यूट म्हणजे हात कडक आणि झटक्यात. स्मार्ट टर्नआउट म्हणजे कपड्याला सुरकुती नाही, बक्कल चमकते, टोपी सरळ. परेडला उस्ताद ओरडे 'स्मार्टली!' म्हणजे चटकन, ढिलेपणा नको. तिथं हुशार असा अर्थ घेतला तर वाक्यच लागत नाही. हा इंग्रजांचा जुना अर्थ आहे आणि तो आपल्याकडं पलटणीतून, पोलिसातून, साहेबाच्या ऑफिसातून आला. हुशार हा अर्थ जास्त करून अमेरिकेत चालला आणि आपल्याकडं तो फोनसोबत आला.

म्हणून आपल्या गावात मुलगी पाहायला गेले की म्हणतात ना, 'पोरगा स्मार्ट दिसते', तिथं कोणी त्याची मार्कशीट पाहून नाही म्हणत. देखणा, टापटीप, असंच म्हणायचं असते. तो अर्थ इंग्रजांचा आहे, चुकीचा नाही.

आणि दुखण्याचा अर्थ फौजेत पैशाच्या रूपानं होता, हे बहुतेक कोणाला माहीत नसेल. इंग्रजांच्या जुन्या फौजेत आणि आरमारात नोकरीवर असताना जखमी झालेल्या माणसाला जी भरपाई मिळे तिला 'स्मार्ट मनी' म्हणत. म्हणजे कळ सोसल्याचे पैसे. त्याच नावाची दुसरी रक्कम पण होती, एखाद्यानं भरतीचा शिलिंग, म्हणजे भरती होताना हातावर ठेवत ते नाणं, घेतला आणि मग मन फिरलं तर शपथ व्हायच्या आधी एक पौंड भरून तो सुटू शकत असे, तेही स्मार्ट मनी, कारण खिशाला चटका बसे. आता त्याच शब्दाचा अर्थ शेअर बाजारातल्या जाणत्या लोकांचा पैसा असा झाला आहे. माझ्या डाव्या पायात अजून एक तुकडा आहे आणि थंडीत तो त्याचं काम करते, म्हणून मला तो जुना अर्थच खरा वाटते.

मिरचीदेठ

बांध काका, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मी मान्य करते. फटका, मग वेग, मग चटपटीतपणा, मग डोकं, असं म्हणायला पाहिजे होतं. आणि चुणचुणीतमध्येही तसंच आहे बघा. चुणचुणीत लेकरू म्हणजे नुसतं हुशार नाही, ते एका जागी बसत नाही, तुरुतुरु चालते, डोळे लुकलुकतात, विचारलं की पटकन उत्तर देते. मठ्ठपणे बसून गणित बरोबर सोडवणाऱ्या पोराला कोणी चुणचुणीत म्हणणार नाही. त्यातही वेग आहेच.

पायाची काळजी घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

काका सलाम तुमाले. अन् 'हुशार' चं काय? थो बी दुखन्याचाच हाय का?

मास्तर_अकोट

नाही, हुशारची गोष्ट वेगळी. तो फारसी 'होशियार', होश ज्याच्यासोबत आहे तो, म्हणजे जागा, सावध. रात्री पहारेकरी 'होशियार' ओरडे तो 'जागे राहा' म्हणून. आपल्याकडं अजून तो अर्थ जिवंत आहे, तापातून उठलेल्या माणसाला आपण 'आता हुशारी आली' म्हणतो, म्हणजे तरतरी आली.

म्हणून एक गंमत सांगतो मिरचीदेठ बाई. तुमच्या विद्यार्थिनीनं धुरामुळं डोळे हुशार झाले लिहिलं. पेंगणाऱ्या माणसाच्या डोळ्यात धूर गेला तर तो जागा होतो, म्हणजे हुशार होतो. परीक्षेत मी तिला मार्क दिले नसते, पण वर्गात ते वाक्य फळ्यावर लिहून त्यावर एक अख्खा तास घेतला असता. नोकरीत असताना मी असे किती वाक्यांवर लाल रेघ मारून पुढं गेलो असेन त्याचं आज वाईट वाटते.

संत्रा_बर्फी

मी वरुडचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. यंत्रांना स्मार्ट कधीपासून म्हणतात हे कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

बहुतेकांना वाटते फोनपासून सुरू झालं. नाही. यंत्रासाठी हा शब्द गाजला तो बॉम्बमुळं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं लेझरच्या किरणावर नेम धरून जाणारे बॉम्ब वापरले, त्यांना स्मार्ट बॉम्ब म्हणू लागले, १९७२ च्या सुमाराला. थान्ह होआ नावाचा एक पूल तिथं वर्षानुवर्षं साध्या बॉम्बनी पडत नव्हता तो त्याच वर्षी या बॉम्बनी पाडला. म्हणजे दुखण्यातून निघालेला शब्द यंत्राला लागला तो पहिल्यांदा बॉम्बला, हे वाचलं तेव्हा मला काही वेळ वाईटच वाटलं.

मग स्मार्ट कार्ड, ज्यात चिप असते ते, एटीएमचं आपलं. फ्रान्सच्या रोलां मोरेनोनं १९७४ मध्ये चिपवाल्या कार्डाचं पेटंट घेतलं. फोनचं म्हणाल तर आयबीएमचा 'सायमन' १९९४ मध्ये विकायला आला, त्यात टचस्क्रीन होता, ईमेल, फॅक्स, कॅलेंडर होतं. आज त्याला पहिला स्मार्टफोन म्हणतात पण तेव्हा त्याच्यावर तसं नाव नव्हतं, ते नंतर चिकटलं.

आणि इथं स्मार्टचा अर्थ हुशारही राहिला नाही. ऑफिसात कोणत्या वस्तूला स्मार्ट म्हणतात तर जी नेटला जोडलेली आहे, जी माहिती पाठवते. स्मार्ट बल्ब काही विचार करत नाही, तो फक्त दुसरीकडून आलेला हुकूम ऐकतो. माझ्या बाबांच्या संत्र्याच्या बागेत पूर्वी एक सालदार होते, ते पान हातात घेऊन, मागून पाहून सांगायचे की पाणी कमी पडून राहिलं का कीड आहे. त्यांना कोणी कधी स्मार्ट म्हटलं नाही. आता बागेत ओलाव्याचा सेन्सर लावला आहे, त्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरात स्मार्ट लिहिलेलं आहे. सेन्सर कामाचा आहे, मीच बसवला, पण ते अक्षर पाहिलं की सालदार काका आठवतात.

बोंड_आणि_सरकी

संत्रा भाऊनं लय चांगलं लिहिलं. मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस-तूर. सरकारी स्मार्ट राहिला तो मी सांगतो.

२०१६ मध्ये राज्यात स्मार्ट ग्राम योजना आली, तालुक्यात पहिल्या आलेल्या गावाला १० लाख. तिच्यात स्मार्टचं एकेक अक्षर उकललं होतं, स्वच्छता, व्यवस्थापन, दायित्व, अपारंपरिक ऊर्जा आणि पर्यावरण, पारदर्शकता आणि तंत्रज्ञान, इंग्रजीतून घेतलं की पाच अक्षरं जुळतात. पुढं त्या पुरस्काराला आर. आर. पाटलांचं नाव दिलं, सुंदर गाव म्हणून. म्हणजे आधी स्मार्ट होतं मग सुंदर झालं, बांध काकांचा देखणा अर्थ तिथं आपोआप आला! मग जागतिक बँकेच्या मदतीचा कृषी व्यवसायाचा प्रकल्प आला, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा, त्यालाही कंसात स्मार्टच, ते पण अक्षरं जुळवूनच. त्यातच कापसावालं, एक गाव एक वाण, स्मार्ट कॉटन. शहरांचं तर २०१५ पासूनच चालू होतं, शंभर स्मार्ट शहरं, त्यात आपलं नागपूर. मेळघाटातल्या हरिसालला पहिलं डिजिटल गाव म्हटलं होतं, आता नागपूर जिल्ह्यातलं सातनवरी २०२५ मध्ये स्मार्ट इंटेलिजेंट गाव झालं. आठ-दहा वर्षांत डिजिटल शब्द जुना झाला आणि त्याच्या जागी स्मार्ट बसला.

पण मला खरं लिहायचं होतं ते चुणचुणण्याबद्दल. फवारणी करताना डोळे चुणचुणायला लागतात हे आमच्या इकडे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे दुपट्ट्यानं पुसून पुढं चालतात. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती माणसं गेली ते सगळ्या देशानं पाहिलं. माझ्या शेजारचा पोरगा तेव्हा आठ दिवस दवाखान्यात होता, तो वाचला. तो सांगते, आधी डोळे चुणचुणले, मग सगळं धूसर दिसायला लागलं, मग मळमळ. जे वाचून राहिले त्यांनी एवढं ध्यानात ठेवा बाप्पा, डोळे चुणचुणले की पंप तिथंच खाली ठेवायचा, वारा जिकडून येते त्या बाजूनं बाहेर निघायचं, स्वच्छ पाण्यानं डोळे धुवायचे, कपडे बदलायचे आणि दवाखाना गाठायचा. औषधाचा डबा सोबत न्यायचा म्हणजे डॉक्टरला कळते काय होतं.

तेंदूपान

बोंड भाऊ, हे लिहिलं ते फार बरं केलं. डबा सोबत आणला नाही म्हणून उशीर झालेले पेशंट मी पाहिले आहेत. उलटी झाली तर माणसाला एका कुशीवर निजवा हेही लक्षात ठेवा.

शब्दाबद्दल अजून एक सांगते, मिरचीवरून आठवलं. तिखट ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू या जिभेच्या चवी आहेत, पण तिखट म्हणजे दुखणंच आहे. मिरचीत कॅप्सेसिन असते, ते आपल्या नसांच्या टोकावरच्या ज्या जागी जाऊन बसते ती जागा खरी तर गरम चटका कळावा म्हणून आहे, साधारण ४३ डिग्रीच्या वरचा. मिरची लागली की ती जागा उघडते आणि मेंदूला खबर जाते की भाजलं. भाजलेलं काहीच नसते. ही जागा डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधली आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. म्हणून मिरची खुडताना हाताचीही आग होते, हाताला काही चव कळत नाही. आणि म्हणून ठेचा भाऊंच्या आजीचं 'तिखट पोट्टी' आणि इंग्रजांचं 'स्मार्ट गर्ल' हे दोन्ही एकाच नसेवरून निघाले असं मी म्हणेन.

वऱ्हाडी_ठेचा

आजी असती तं तिले हे वाचून दाखवलं असतं.

मास्तर_अकोट

अजून एक बाजू राहिली आहे, तिची नोंद व्हावी. स्मार्ट शब्दाला इंग्रजीत एक वाईट वास पण आहे. अमेरिकेत 'स्मार्ट अ‍ॅलेक' म्हणतात, एकोणिसाव्या शतकातला वाक्प्रचार, फार शहाणपणा मिरवणारा, उलट बोलणारा माणूस. मास्तरानं 'डोन्ट गेट स्मार्ट विथ मी' म्हटलं तर ते कौतुक नसते. आपल्याकडं हे काम 'शहाणा' करतो. 'मोठा शहाणा लागून गेला', दीडशहाणा, आणि अतिशहाणा त्याचा बैल रिकामा ही तर आपल्या शेतकऱ्याच्याच घरची म्हण. आता पोरं 'ओव्हरस्मार्ट' म्हणतात. हा शब्द आपण इथं इतका वापरतो की इंग्रजाहूनही जास्त आपलाच झाला आहे, आणि मला तो चांगला वाटतो, कारण त्यात 'अति' अगदी बरोबर बसलेलं आहे. पण पोरांवर तो फार लवकर फेकू नये. माझ्या नोकरीच्या काळात प्रश्न विचारणाऱ्या पोराला ओव्हरस्मार्ट म्हणून खाली बसवलेलं मी खूपदा पाहिलं, आणि ती पोरं मग वर्षभर उठत नसत.

मिरचीदेठ

सर, हे शेवटचं माझ्या शिकवणीच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

तर काल काय झालं ते सांगते. पोरं जमल्यावर मी कोणालाच काही म्हटलं नाही, आधी विचारलं, खरचटल्यावर हळद नि मीठ लागलं तर काय होते? सगळे ओरडले, चुणचुणते. मग विचारलं, अंगणवाडीतलं एखादं लेकरू भरभर कविता म्हणून दाखवते, त्याला तुमच्या आया काय म्हणतात? चुणचुणीत! मग फळ्यावर दोन्ही एकाखाली एक लिहिले आणि शेजारी इंग्रजी स्मार्ट दोनदा लिहिला, एकदा दुखण्याचा आणि एकदा हुशारीचा. मधात काकांनी सांगितलेली पायरी, फटका आणि वेग, तीही लिहिली. सगळे गप्प. मग मी म्हटलं की परवा जिचं वाक्य ऐकून तुम्ही हसले तिनं अर्धा रस्ता बरोबर काढला होता, बाकीचे तर घरातून निघालेच नव्हते. ती पोरगी काही बोलली नाही, पण तिनं वही तोंडापुढून खाली ठेवली.

मग दोन्ही अर्थांची एकेक वाक्यं करायला दिली. हुशारीची सगळ्यांची सारखीच, माय फोन इज स्मार्ट, माय ब्रदर इज स्मार्ट. दुखण्याचं तिनं जे लिहिलं ते मी तसंच देते, 'माय मदर्स हँड्स स्मार्ट अ‍ॅट नाइट.' तिची आई सातऱ्यावर जाते. मला माहीत होतं, पण वाक्य वाचलं तेव्हा मला माझ्या आईचे हात दिसले आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.

सर, वाक्य व्याकरणानं बरोबर आहे ना? तिनं विचारलं की स्मार्टला एस लागते का, मी नाही म्हटलं पण तुमच्याकडून पक्कं करून घेते.

मास्तर_अकोट

पूर्ण बरोबर आहे. हँड्स अनेकवचनी आहे म्हणून एस लागत नाही. एकच हात असता तर 'स्मार्ट्स'. तिला माझ्याकडून दहापैकी दहा सांगा.

तेंदूपान

आणि ताई, तिच्या आईला सांगा की हाताची आग होत असेल तर नुसत्या पाण्यानं जाणार नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. आधी गोडं तेल हाताला चांगलं चोळायचं, मग साबण लावून धुवायचे, असं दोन-तीन वेळा. कामाला बसायच्या आधीच तेल लावलं तर आणखी बरं. आणि तो हात डोळ्याला लावू नका म्हणा, लेकराला तर अजिबातच नाही.